आक्कांचा बंडोपंत

आमच्या आक्कांनी तीन वर्षं माझ्या मुलाला सांभाळलं, पण एकदाही त्याच्या नावानं हाक मारली नाही. सकाळी बंडोपंत, दुपारी कलेक्टर, रडायला लागला की सरदार. नाव यशवंत. माझ्या वडिलांचं. ते गेल्यावर चार महिन्यांनी हा झाला, आणि ते नाव घरात पुन्हा ऐकू यावं म्हणून मी सासरी भांडून ठेवलं होतं.

आक्का मूळच्या कडेगावच्या, सांगलीत लेकीकडे राहायच्या. मी कामावर निघायच्या आत हजर. पदर खोचत विचारायच्या, "उठलं का आमचं बंडोपंत?" मी म्हणायचे, "आक्का, यशवंत." त्या म्हणायच्या, "व्हय की, त्येच." आणि पुन्हा बंडोपंत! एकदा त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या, तर केसपेपरवर 'बंडू' लिहून आणलं.

बालवाडीच्या पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं आणि चिरंजीव ऐटीत म्हणाले, "बंडोपंत!" सगळे हसले. माझं मात्र डोकंच फिरलं. घरी येऊन आक्कांना नको नको ते बोलले. "माझ्या वडिलांचं नाव आहे ते! एवढं जड जातं तुम्हाला?"

पिशवीतून लष्कराच्या पेन्शनचा कागद काढून आक्कांनी माझ्या हातात ठेवला. नवऱ्याचं नाव लिहिलं होतं, यशवंत.

"मालकांचं नाव कसं घिऊ? जाऊन बारा वर्सं झाली, तरी जीभ उचलत न्हाई बगा."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"आवं ताई, सांगायचं म्हंजे घ्यावंच लागलं असतं की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी त्यांना कधी टोकलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात गुडघ्यांनी अगदीच दगा दिला, म्हणून आक्का कायमच्या गावी निघाल्या. मी आणि यशवंत स्टँडवर पोचवायला गेलो. त्या खिडकीशी बसल्या. गाडी हलली, तसा यशवंत माझा हात झटकून गाडीमागं धावला. शेजारची एसटी त्याच वेळी रिव्हर्स येत होती. माझ्या तोंडून शब्दच फुटेना.

"यशवंत! थांब रं!"

खिडकीतून आक्का ओरडल्या. पोरगं जागीच थबकलं, आणि मी त्याला ओढून घेतलं.

आक्कांनी तोंडावर पदर धरला होता. मग तो बाजूला केला, आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत, हात हलवत, रडत, त्या तेच नाव घेत राहिल्या.