दुपटीवर लावलेलं बयान

लॅपटॉपमधून कोणी पोट्टी चिरचिर बोलून राह्यली होती. उंदीर दारात सापडल्यावर ओरडते तसा आवाज. मी दाराजवळ उभी. टेबलावर चहाचे कप, समोस्याची प्लेट, चटणीची वाटी. साहेब हासले. काकू तोंडाले रुमाल लावून हासल्या. मंग मी बी हासली.

हौ, मी बी हासली. हे पहिलेच सांगून टाकतो, हे लपवलं तं बाकीचं सांगाचा मले हक्क नाई. मोठी माणसं हासली का आपण बी हासाचं, ही लहानपणापासूनची सवय. कायले हासतात ते नंतर समजते. कधी समजत बी नाई.

तेवढ्यात तो आवाज अडला. अडला, आन् खिक् खिक् खिक् असा हासल्यासारखा वाजला. साहेब म्हणाले, "ये बीच में हँस क्यों रही है?"

तवा मले कळलं. तो आवाज माझा होता. ते हासणं नोतं. ते माझं रडणं होतं.

माझं बयान त्यायनं दुपटीवर लावलं होतं. बावीस मिनिटाचं अकरा मिनिटात ऐकून, समोसा खाऊन मोकळं व्हाचं होतं.

आता मी कोण, ते सांगतो. बालाघाटात, जिथं घरी मराठी आन् ऑफिसात हिंदी चालते, पोरींचं एक वसतिगृह हाये, तिथं मी सयपाक करत होती. गाव माझं किरनापूरकडचं. गावात आमची टोली वेगळी, नाल्याच्या पलीकडं. टोली वेगळी म्हटलं का आमच्या भागातल्या माणसाले पुढचं सांगा लागत नाई, त्याचा चेहराच सांगते का त्याले समजलं म्हणून. वसतिगृहात मी आली ती झाडाले आन् भांडे घासाले. मंग तिथली सयपाकीण लेकीच्या बाळंतपणाले गेली ते आलीच नाई. काकू म्हणाल्या, "आजच्या दिवस तू टाक भात." तो आजचा दिवस अकरा वर्षं चालला. कोणी विचारलं नाई, मी सांगितलं नाई. पोरी मले आजी म्हणत. भाजीत मीठ जास्त झालं तं "आजी, आज कोणावर रागावली वं?" असं विचारत.

काकू म्हणजे वसतिगृह चालवणाऱ्या घरातल्या. त्यायच्या घरात तीन पिढ्यांपासून सरकारी नोकऱ्या. मराठी अशी बोलत का मले वाटे पुस्तकच उघडलं कोणी. माझ्यापेक्षा दहा वर्षानं तरी लहान, पण त्यायले काकू म्हणाचं, आन् त्या मले "अगं" म्हणणार. माझ्या हातची अंबाडीची भाजी त्यायले लय आवडे. डबा भरून घरी नेत. डबा धुऊन बी देत नोत्या, तसाच पाठवत. त्याचा बी मले आनंद होई. असा आनंद होता माझा.

नवीन पोरी भरती झाल्या त्या दिवशीची गोष्ट. एका पोरीचा बाप सयपाकघर पाहाले आला. मले पाह्यलं आन् थांबला. माझ्याच गावाकडचा निघाला तो. परत गेला, आन् व्हरांड्यात काकूले म्हणाला, "ही तं टोलीतली हाये." हळू बी नाई म्हणाला. मले चुलीपाशी ऐकू आलं.

काकू सयपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. आत नाई आल्या. नाकाले पदर लावला. अकरा वर्षात मी कधी त्या उंबऱ्यावर त्यायच्या नाकाले पदर पाह्यला नोता. भाताचा वास तोच होता.

म्हणाल्या, "भात काढा बाहेर."

दोन माणसायनं गंज उचलला. सगळ्या पोरींचा भात होता त्या गंजात, वाफ निघून राह्यली होती. मागच्या कोठ्यात नेला आन् गाईपुढं उलटा केला. वरण बी ओतलं. मी मागं मागं गेली. म्हटलं, "काहून?" चौकीदाराले विचारलं, काहून? तो जमिनीकडं पाहून राह्यला. पोरीच्या बापाले विचारलं, काहून गा? त्यानं तोंड फिरवलं. काकूले विचारलं, काकू, काहून?

त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्यावर राग नाहीये. लोकांना सांभाळावं लागतं. उद्यापासून तू अंगण झाड."

गाय खाऊन राह्यली होती. माझ्या हातचं गाईले चालते.

मले त्या दिवशी रडू नाई आलं. किळस आली. तो भात गाईच्या तोंडातून लोंबत होता ते पाहून नाई, उंबऱ्यावरच्या पदराची किळस आली. घरी जाऊन हात धुतले, परत धुतले, आन् मंग माझं मलेच वाटलं, मी काहून हात धुऊन राह्यली? माझ्या हाताले काय झालं?

अंगण झाडाले मी गेली नाई. तिसऱ्या दिवशी मी तक्रार केली. वसतिगृहाची इंटरनेटवर जागा हाये, तिथं तक्रारीचा खण हाये. लिहून द्या, नाई तं बोलून द्या. मले लिहिता येते. शाळेत नाई गेली, मसाल्याच्या पाकिटावरून अक्षरं शिकली, मंग पोरींनी टाकलेल्या वह्या वाचून हिंदी-मराठी दोन्ही शिकली. पण हात लेट शिकला, हळू चालते. आन् मनात आलं, कागद कोणी बी बदलवते, आवाज कोण बदलवणार? पंखा बंद केला, खाटेवर बसली, मोबाइलवर बोलली. मधात दोनदा रडली. ते काढून नाई टाकलं. म्हटलं, असू दे, तेबी बयानच हाये.

आता तुम्ही म्हणाल, या बुढीले दुपटीचं काय माहीत. मले चांगलं माहीत हाये. माझी बहीण कटंगीले राहते. ती मले आवाजाचे मेसेज पाठवते. बाजारातून कोबी आणली, एवढं सांगाले तिले सात मिनिटं लागतात. कोबीपासून सुरू होते, जावयाच्या गुडघ्यापर्यंत जाते. तिले मी दीडवर लावतो, कधी दुपटीवर. एकदा तिले सांगितलं बी. तं म्हणते, "असं हाये का? मंग मी आता दुप्पट लांब बोलन!" आम्ही दोघी पोट धरून हासलो. तवा दोष त्या बटणाचा नाई. कोबी दुपटीवर ऐकाले हरकत नाई. पण बहीण रडून बोलली असती, तं मी एकवर आणली असती. मले सांगा लागलं नसतं कोणाले.

आता परत त्या खोलीत या. तिघं होते. काकू. एक रिटायर साहेब, हिंदी बोलणारे, या जिल्ह्यात तीस वर्षं नोकरी केलेले. आन् एक टायपिंग करणारे भैया. तक्रारीची चौकशी करून कागद वरच्या ऑफिसात पाठवाचा होता, म्हणून माझी सही पाहिजे होती. सही झाली का तक्रार बंद.

ऐकणं संपलं, काकूनं हिंदीत सांगितलं तसं भैयानं टाइप केलं, आन् कागद पुढं सरकवला. "अम्मा, अंगूठा या साइन?"

"साइन."

मी वाचाले बसली. खुर्ची कोणी दिली नोती, भिंतीपाशीचं स्टूल मीच ओढलं. ओळीखाली बोट ठेवून वाचतो मी. काकू म्हणाल्या, "अगं, वाचत काय बसलीस? तुझंच तर बोलणं आहे."

कागदाच्या कोपऱ्यावर समोस्याचं तेल लागलं होतं. हिंदीत लिहिलं होतं: "आवेदिका बार-बार 'कानून' शब्द का प्रयोग करती है। प्रतीत होता है कि किसी के सिखाने पर बोल रही है। मामला गलतफ़हमी का है।"

आवेदिका म्हणजे मी. कानून? मी परत वाचलं. मी कानून कवा म्हटलं? मले कानूनातलं काय समजते? पोलिसाची गाडी दिसली तं मी रस्ता बदलवतो.

मंग एकदम डोक्यात आलं. काहून. मी काहून म्हटलं होतं. उभ्या बयानात काहून, काहून, काहून. दुपटीवर ते कानून झालं. हिंदीच्या साहेबाले नसन समजलं, जाऊ द्या. पण ऐकून मराठीची हिंदी करणाऱ्या काकू होत्या. जल्म बालाघाटात गेला. भांडेवाली, दूधवाला, भाजीवाली, घरी येणारा हरेक माणूस काहून म्हणतो. साठ वर्षात आमचा एक सवाल त्यायच्या कानात गेला नाई. आन् गेला तवा त्यायले वाटलं, हिले कोणीतरी शिकवलं.

इथून पुढं मी तिले काकू म्हणणार नाई. ती बाई म्हणीन.

मी म्हटलं, "हे मी नाई म्हटलं."

ती बाई म्हणाली, "अगं, रेकॉर्ड आहे. तूच म्हटलंयस."

"मंग लावा रेकॉर्ड. एकवर लावा."

"पुन्हा? आमच्याकडे तेवढा वेळ नाहीये."

"माझ्याकडं हाये. आन् मले अगं म्हणू नोका. मी तुमच्यापेक्षा मोठी हाये."

हे बी लिहून ठेवतो: वाघीण नोती मी तवा. पण स्टुलावरून उठली नाई. भैयानं साहेबाकडं पाह्यलं. साहेब म्हणाले, "लगा दो, भाई। ख़त्म करो।"

एकवर लागलं. माझा आवाज आला. जाड, थकलेला, माझा. पंखा बंद होता म्हणून श्वास बी ऐकू येत होता. मी गाव सांगितलं, काम सांगितलं, गंज सांगितला. मंग गाईपाशी आली आन् थांबली. लय वेळ काहीच नाई. नुसता श्वास. ती बाई म्हणाली, "पुढे घ्या हो."

मी म्हटलं, "पुढं नाई घ्याचं."

भैयाचा हात माउसवर होता. त्यानं हात काढून मांडीवर ठेवला. मंग रडणं आलं. या वेळी कोणाले हासणं नाई वाटलं. साहेब खिडकीकडं पाहून राह्यले. आन् मंग मी बोलली, साफ, एकेक अक्षर: "मी म्हटलं, काकू, काहून?"

साहेबानं विचारलं, "ये 'काहून' क्या होता है?"

भैया म्हणाला, "सर, क्यों. हमारे यहाँ क्यों को काहून बोलते हैं।"

तीस वर्षं. या जिल्ह्यात तीस वर्षं नोकरी.

मले वाटलं, आता तरी. मी भोळी. साहेबानं पेन काढला, 'कानून' कापलं, वर 'क्यों' लिहिलं, बाजूले आपली सही मारली. म्हणाले, "लो अम्मा, ठीक हो गया। अब साइन कर दो।"

मी वाचलं. आता कागद असा झाला होता का आवेदिका बार-बार 'क्यों' शब्द का प्रयोग करती है, किसी के सिखाने पर बोल रही है, मामला गलतफ़हमी का है. एक शब्द बदलला, बाकी तसंच. म्हणजे त्यायच्या हिशोबानं काहून बी कोणी शिकवल्याशिवाय मले विचारता येत नाई.

"भात फेकला, हे कुठं हाये?" मी विचारलं.

ती बाई म्हणाली, "असं फेकला-बिकला लिहित नसतात. संस्थेचं नाव जातं. तुम्ही या ना परत. बगिच्याचं काम बघा. आम्ही कुठे नाही म्हणतोय?"

तुम्ही म्हणाली. पहिल्यांदा. अकरा वर्षं भाजी खाऊन जे नाई मिळालं, ते सहीसाठी मिळालं. खरं सांगतो, 'अगं' ऐकून जेवढी किळस आली नोती, तेवढी त्या 'तुम्ही'ची आली.

पेन खाली ठेवला. म्हटलं, "मी सही नाई करत." कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. साहेब म्हणाले, "अम्मा, ज़िद मत करो, उमर देखो अपनी।" मी म्हटलं, "देख रही हूँ।" आन् निघाली. बसस्टँडपर्यंत पायी गेली. रस्त्यात एक-दोन ओळखीचे भेटले, काय म्हणतात ते काही ऐकू नाई आलं मले.

वसतिगृहात आता दुसरी बाई रांधते. पोरींपैकी कोणी माझ्याबद्दल विचारलं नाई, असं नाई, पण विचारलं त्यायले रागावलं गेलं. बगिचा मी नाई घेतला. त्या घरची फुलं मी पाणी घालून जगवणार नाई.

मंग मी हातानं लिहिलं. नऊ दिवस लागले. आठ पानं झाली. वरच्या ऑफिसात स्वतः जाऊन देली, पोच घेतली. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "इतना लंबा? शॉर्ट में लिख के लाओ।" मी म्हटलं, लांबच हाये, असंच घ्या. त्यानं घेतलं.

पुढच्या महिन्यात वरच्या ऑफिसात पेशी हाये, सुनावणी. ती बाई येईन, साहेब येतीन, मी जाईन. माझी आठ पानं माझ्यापुढं वाचा म्हणीन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, जेवढा वेळ लागन तेवढा. मधातलं एखादं पान सोडलं तं थांबवीन आन् परत पहिल्यापासून वाचा म्हणीन. मी रांधलेला भात माझ्या जातीपायी गाईपुढं फेकला, एवढं वाक्य जसंच्या तसं लिहिलं तं सही करीन. गलतफ़हमी लिहिलं तं कागद तिथंच, त्यायच्या टेबलावर, त्यायच्या डोळ्यादेखत फाडीन. आन् दुसरी तक्रार देईन.