उंबरवाडीच्या वाटेवरचे जीपवाले

जीप भरल्याशिवाय वडापवाला हलत नाही, आणि उंबरवाडीची जीप काही लवकर भरायची नाही. त्यामुळे शिनोलीच्या फाट्यावर आम्ही तिघे जीपवाले तासन्‌तास बसून असायचो. दत्ताभाऊ आमच्यात सगळ्यात जुने, मग सोपान, मग मी. गाडीत माणसं जमायच्या आधी आमच्याकडे किस्से जमायचे. आता फाट्यावर ते ऐकायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आधी वाट कशी होती ते ऐका. डांबरी सोडली की नुसता कातळ. गुडघ्याएवढे धोंडे, त्यांवर गाडी चढवायची आणि पलीकडे आदळायची. वाटेत तीन ओढे आडवे यायचे, त्यातला वाडीजवळचा सगळ्यात रुंद. त्याला आम्ही मोठा ओढा म्हणायचो. पूल कुठंच नाही. पॅसेंजर म्हणायचे, "घरी पोचलो की आधी हाडं जाग्यावर हायेत का बगतो!"

*

नव्वद सालानंतरची गोष्ट. वाडीचा एक नवरदेव लग्नाला शिनोलीला निघाला. पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट, कपाळाला बाशिंग. मोठ्या ओढ्यात सोपानची गाडी बंद पडली. सायलेन्सरमध्ये पाणी!

"नवरदेवाला भिजू द्यायचं न्हाई, पावणं!" म्हणत सोपानने त्याला पाठुंगळी घेतलं. मधोमध गेला, शेवाळावर पाय घसरला आणि दोघंही आडवे! बाशिंग वाहून गेलं ते गेलंच.

गाडीत कोरडा शर्ट एकच होता, सोपानचा खाकी. तो घालून नवरदेव मांडवात शिरला. नवरीच्या मामाने त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"ड्रायवर मंडळी, तुमची पंगत मागनं हाय!"

त्या दिवशी आम्ही लई हसलो. पण वर्षाच्या आत ते जोडपं भोसरीला कामाला गेलं, आणि त्यांच्यामागून वाडीतली तरणी पोरं एकेक करत निघाली. त्या ओढ्यातून पुन्हा वरात नेल्याचं मला तरी आठवत नाही.

*

हौसाबाई वाडीची. तिचा नवरा घोडेगावला दवाखान्यात वारला. प्रेत घरी न्यायला गाडी सोपानचीच, सोबतीला दत्ताभाऊ आणि मी.

ओढा आला की गाडी हलकी करायची आमची पद्धत. माणसं पाण्यातून चालत जायची, आम्ही मोकळी गाडी काढायचो. सोपान सवयीने ओरडला, "चला, उतरा समदे! येक बी मानूस बसायचं न्हाई!"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. सगळे खाली मान घालून उतरले. हौसाबाई मात्र हलेना.

"मावशे, उतर की. पानी लई हाय."

"त्यांचं गुडघं धरल्यालं," हौसाबाई म्हणाली. "म्हनून कायम ते गाडीत आन मी पान्यात. आज जोडीनं जाऊ दे."

सोपानने गाडी अशी काढली, की आतलं पांघरूणसुद्धा हललं नाही. पलीकडे गेल्यावर तो बोनेटला टेकून उभा राहिला. त्याला पुन्हा स्टेअरिंगवर बसवायला दत्ताभाऊंना त्याच्याजवळ जावं लागलं.

*

आता हा किस्सा म्हणावा की नाही, मला कळत नाही.

श्रावणातला दिवस. वाडीतल्या एका पोरीला साप चावला. मोठ्या ओढ्याच्या पलीकडून माणसं हात हलवून ओरडत होती, "पान लागलंय! गाडी आना!" ओढा तांबडा लाल होऊन धावत होता. अलीकडे आम्ही तिघे आणि सोपानच्या गाडीतले पॅसेंजर.

दत्ताभाऊ म्हणाले, "सोपान, थांब. पानी उतरू दे जरा."

"पोरगी थांबल का?"

एवढंच बोलला. पॅसेंजर खाली उतरवले आणि एकटा पाण्यात शिरला. मधोमध गाडी आडवी झाली. मग नुसतं ताडपत्रीचं छप्पर दिसत होतं. मग तेही दिसेना.

पोरगी वाचली. लोकांनी तिला झोळीत घालून डोंगरावरून घोडेगावला नेलं. सोपान दुसऱ्या दिवशी खाली नदीच्या वळणाला सापडला.

पाणी उतरल्यावर धोंड्यांत अडकलेली गाडी बघायला गेलो. दत्ताभाऊंनी आत हात घालून गिअरचा दांडा चाचपला.

"दुसऱ्यात हाय," ते म्हणाले. "मोठ्या वढ्यात पयल्यातच घालायची, म्या शिकवलं व्हतं त्याला. लई घाईत व्हता रं."

मग त्यांनी दांडा हळूच न्यूट्रलला आणून ठेवला.

*

दोन हजारनंतर पुण्याची पोरं यायला लागली. मोठमोठ्या फोर-व्हील गाड्या, डोळ्यांना काळे चष्मे, हातात व्हिडिओ कॅमेरा. एका रविवारी ती मोठ्या ओढ्यात गाडी घालत होती, काढत होती, पुन्हा घालत होती. पाणी उडालं की टाळ्या!

एकजण माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, काय भारी खराब रस्ता आहे हो तुमचा! असाच ठेवा!"

हौसाबाई डोक्यावर रेशनचं पोतं घेऊन काठावर उभी होती. ती पलीकडे कशी जाणार? मध्ये यांचा खेळ.

"पोरांनो," तिने विचारलं, "तुमच्याकडं रस्तं न्हाईत व्हय?"

"आहेत ना आजी! खूप आहेत!"

"मंग?"

कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली केला, आणि हौसाबाई लुगडं वर खोचून पाण्यात शिरली.

*

शेवटचा किस्सा दत्ताभाऊंचा.

माझी बायको उंबरवाडीचीच. बाळंतपणाला माहेरी गेली आणि दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. भरदुपारी आभाळ फाटलेलं. मी गाडी घेऊन निघालो, सोबतीला दत्ताभाऊ. तिला गाडीत ठेवलं खरं, पण ती मागे कण्हायला लागली आणि मी सारखा मागे वळून बघायला लागलो.

"सरक," भाऊ म्हणाले. "मागं जाऊन तिचा हात धर."

वायपर बंद पडलेला. काचेवर पाण्याचा पडदा. मला पुढचं काही दिसत नव्हतं. भाऊ मात्र एकेक धोंडा चढवत, उतरवत, मोठ्या ओढ्यातून, मग उरलेल्या दोन्ही ओढ्यांतून गाडी घेऊन गेले. कुठं ब्रेक नाही, कुठं धक्का नाही. घोडेगावला पोचलो आणि मुलगी झाली. दोघी सुखरूप.

पुढे काही वर्षांनी रस्ता झाला. सुरुंग लावून कातळ फोडला, ओढ्यांवर पूल झाले, वर डांबर. गाडीत पाण्याचा पेला ठेवला तर सांडायचा नाही! आणि त्या रस्त्यावर पहिल्याच आठवड्यात, लख्ख उन्हात, दत्ताभाऊ वळणाला न वळता सरळ शेतात गेले. गाडी मोकळी होती म्हणून बरं. भाऊंचा पाय मोडला.

मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. पायाचं झाल्यावर डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांना. आणि हे आजचं नाही, बऱ्याच वर्षांचं आहे. गेलेली नजर आता परत येणार नाही."

घरी आणून भाऊंना बाजेवर टेकवलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं.

"भाऊ, खरं सांगा. माझ्या बायकोला आनली त्या दिवशी तुमाला कुठपातुर दिसत व्हतं?"

"बोनेटपातुर."

"आन वढ्यात?"

भाऊ माझ्या आवाजाच्या दिशेने वळले. जरा चिडलेच.

"वढ्यात बगायला कशाला लागतंय रं? चाकाखाली दगड व्हते की तवा!"