सगुणाबाईंनी खुणेपासून वाचलं

मला राग येतो आणि तो लपवता येत नाही. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, तिथेही मुलं माझ्या चष्म्याआडच्या डोळ्यांकडे बघून ओळखायची, की आज बाईंचं बिनसलंय. तरुणपणी मी या रागासाठी प्रार्थना करायची. आता देवालाही त्याची सवय झाली असावी. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी जे घडलं, ते माझ्या रागाशिवाय घडलं नसतं, आणि माझ्या रागाने तर मुळीच घडलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून ते घडलं तसं लिहून ठेवते.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. जुन्नर तालुक्यातलं जुनं दगडी देऊळ आणि विखुरलेली तीसेक घरं. कोणी राजुरीहून मोटारसायकलवर येतं, कोणी आंबेगाव तालुक्यातल्या पेठ गावाहून एसटीने. पाळकसाहेबांकडे अशी पाच गावं, त्यामुळे महिन्यातला एकच रविवार ते आमच्याकडे असतात. बाकीच्या रविवारी उपदेश मी करते. कोणत्या रविवारी बायबलमधला कोणता भाग वाचायचा, याची वर्षाची यादी छापून आलेली असते. मला ही पद्धत आवडते, कारण तिच्यात आपली निवड चालत नाही. आवडीचा उतारा काढून त्यावर गोडगोड बोलण्याची सोय नाही. येईल त्या पाठापुढे उभं राहायचं, तो आपल्याला काय विचारतो ते आधी आपण ऐकायचं आणि मग लोकांना सांगायचं. निदान मी तरी इतकी वर्षं असंच समजत होते.

त्या रविवारी मार्काच्या शुभवर्तमानातला बारावा अध्याय होता. गरीब विधवा मंदिराच्या दानपेटीत दोन बारकी नाणी टाकते, तो प्रसंग. श्रीमंत आपल्या भरल्या पिशवीतून टाकतात, ती होतं नव्हतं ते सगळं टाकते, आणि प्रभू शिष्यांना जवळ बोलावून तिच्याकडे बघायला सांगतो. यादीत मात्र पाठ त्याच्या तीन वचनं आधीपासून होता. ती तीन कंसात होती, म्हणजे वेळ नसेल तर गाळली तरी चालतील. त्यात प्रभू शास्त्र्यांपासून सावध राहायला सांगतो. लांब झगे घालून मिरवणारे, बाजारात लोकांचे नमस्कार घेणारे, सभास्थानात पुढच्या जागा धरणारे, लांबलचक प्रार्थना करणारे हे लोक विधवांची घरं गिळतात, असं तो म्हणतो. आणि लगेच पुढे ती विधवा येते. घर कोणाचं गिळलं, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

गुरुवारी व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठ आला, तो नेमकी ती तीन वचनं गाळून. पाठवणारा आमचा सेक्रेटरी याकोब. हा माझाच विद्यार्थी. चौथीत पाढे म्हणताना तेराचा पाढा हळूच गाळून बारावरून चौदावर उडी मारायचा आणि वर माझ्याकडे बघून हसायचा. आता पन्नाशी उलटली, पण खोड तीच.

गाळण्याचं कारण मला ठाऊक होतं. देवळामागे सभागृह बांधायचं घाटत होतं, आणि त्यासाठी जी जागा मोकळी करायची तिथे सगुणाबाईंची खोली आहे. त्यांचा नवरा देवळाचा शिपाई होता, घंटा वाजवायचा. तो गेल्यावर घंटेची दोरी बाईंच्या हातात आली. झाडलोट, पाणी, प्रभुभोजनाचे पेले धुणं, सगळं त्याच करतात. मंडळीच्या पंचांनी त्यांना सांगितलं की महिनाअखेर खोली सोडा आणि पेठेला भाचीकडे जाऊन राहा. भाचीच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं. आणि आमच्या सेक्रेटरीने ठरवलं होतं, की रविवारी विधवेच्या दानावर माझा उपदेश झाला, की लागलीच सभागृहाच्या वर्गणीचं आवाहन करायचं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शुक्रवारी पंचांच्या बैठकीत जाऊन मी भांडले. याकोब शांतपणे म्हणाला, "बाई, भावनेवर मंडळी चालत न्हाई. आपण काय तिला रस्त्यावर काढतोय व्हय? भाची हाये की."

"अरे, तुझ्या बाप्तिस्म्याचं पाणी त्या बाईने भरलंय!" मी ओरडले. मग आणखी बरंच काही ओरडले. पंच खाली बघत बसले, पण ठरावात लिहिलेलं कोणी खोडलं नाही.

शनिवारी उपदेश लिहायला बसले. आठ पानं झाली, त्यातली तीन नाव न घेता नुसती याकोबवर होती. तो उपदेश कसला, फिर्यादच होती. माझ्या मोठ्या अक्षरांच्या बायबलमध्ये त्या गाळलेल्या वचनांपाशी लाल पेन्सिलीने अशी जोरात खूण केली, की कागद फाटायचाच राहिला.

रविवारी सकाळी उठले तर आवाज गेलेला. घोगरा वगैरे नाही, साफ गेलेला. तोंड उघडलं की नुसती हवा. मिठाच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं, हळदीचं दूध घेतलं. काही उपयोग झाला नाही. मी देवावरच चिडले. विधवेला घराबाहेर काढणाऱ्यांचे घसे खणखणीत ठेवतोस आणि तिच्या बाजूने बोलणारीचा एकमेव घसा आजच बंद करतोस? अशी प्रार्थना कोणी शिकवत नाही, पण त्या सकाळी माझ्याकडे दुसरी नव्हती. आठ पानं आणि ते बायबल पिशवीत घातलं आणि तशीच देवळात गेले.

याकोबला चिठ्ठी लिहून दिली, की मला बोलता येत नाही, पाठ दुसऱ्या कोणी वाचावा. त्याचा चेहरा उजळला. "काळजी करू नका, बाई. मीच वाचतो आन् दोन शब्द बी मीच बोलतो." मी हतबल होऊन पहिल्या बाकावर बसले.

तेवढ्यात सगुणाबाई माझ्यासाठी गरम पाणी घेऊन आल्या. तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि पदराला हात पुसत याकोबला म्हणाल्या, "मी वाचू का? बाईंनी शिकवलंय मला."

हे खरं होतं. नवरा गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "परभूचं नाव तेवढं वाचता येऊ द्या, मंग मरंन." चार वर्षं दुपारी त्यांच्या पायरीवर बसून आम्ही अक्षरं गिरवली. त्यांना वचनांचे बारीक आकडे दिसत नाहीत, म्हणून मी पेन्सिलीने खूण करायची. खूण असेल तिथून वाचायला सुरुवात करायची, आणि अडलं तर वाक्याच्या आरंभाला परत जायचं, एवढे दोनच नियम. पण देवळात त्यांना वाचायला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मलाही ते सुचलं नव्हतं.

बायकांच्या बाजूने आवाज आला, "वाचू द्या की मावशीला." याकोबला सगळ्यांदेखत नाही म्हणता येईना. सगुणाबाईंनी माझंच बायबल उचललं, कारण त्याचीच अक्षरं मोठी. पान उघडलं, बोटाने लाल खूण शोधली आणि वाचायला लागल्या.

"मावशी, तिथनं न्हाई," याकोब म्हणाला. "खालनं, एकेचाळीसपासनं."

"बाईंची खूण हितं हाये," त्या मान वर न करता म्हणाल्या.

बोट शब्दाशब्दावरून सरकत होतं. झगे, बाजारातले नमस्कार, पुढच्या जागा. मग विधवांची घरं गिळणाऱ्यांचं वाक्य आलं. तिथे त्या अडल्या. अडलं की परत जायचं, म्हणून वाक्याच्या आरंभाला गेल्या. पुन्हा अडल्या, पुन्हा गेल्या. ते वाक्य आमच्या देवळाने तीनदा ऐकलं, ज्या बाईचं घर जाणार होतं तिच्या तोंडून, आणि तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. तिचं सगळं लक्ष अक्षरांवर होतं. 

मग विधवा आली, नाणी आली, पाठ संपला. सगुणाबाईंनी बायबल मिटलं आणि माझ्याकडे वळून शिकवणीत विचारायच्या तसं विचारलं, "बाई, तिनं समदंच टाकलं म्हंता. मंग सांजच्याला खाल्लं काय तिनं? फुडं लिव्हलंच न्हाई." थोडं थांबून म्हणाल्या, "परभूनं तिला बघितलं यवढं बरं झालं. बाकी कुनी बघितलंच नव्हतं."



राजुरीहून येणारे एक शेतकरी मागे उभे राहिले. "सेक्रेटरी, त्यो सभागृहाचा नकाशा बाहेर लावलाय ना, त्यात मावशीची खोली कुठं हाये? मला दिसली न्हाई."

याकोब हातातल्या कागदाकडे बघत राहिला. तेराचा पाढा विचारला की बघायचा तसाच. शेवटी हळूच म्हणाला, "ती पार्किंगमदी जातीया."

मंडळीतल्या बहुतेकांना हे माहीतच नव्हतं. त्यांना फक्त 'जुनं बांधकाम काढणार' एवढंच सांगितलं होतं. पेठेच्या एक वहिनी तिथल्या तिथे म्हणाल्या, "मंग अशा सभागृहाला आमी वर्गणी देनार न्हाई, राव." त्या दिवशी आवाहन झालं नाही. पुढच्या बैठकीत पंचांनी नकाशा बदलला. खोली राहिली, पार्किंग गेलं. याकोब माझ्याशी अजून तुटक बोलतो, आणि माझाही त्याच्यावरचा राग पुरता गेलेला नाही. जाऊ नये असंच मला वाटतं. कोणाचं घर काढून देवाचं घर मोठं करण्याची भाषा पुन्हा निघाली, तर तो लागणार आहे.

पण ती आठ पानं मी चुलीत घातली. मी बोलले असते तर भांडण झालं असतं, निम्मी मंडळी याकोबच्या बाजूला गेली असती आणि सगुणाबाई दोघांच्या मध्ये उगाच शरमल्या असत्या. देवाने माझा घसा काढून घेतला आणि लाल खूण तेवढी ठेवून घेतली. त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. ती सकाळची प्रार्थनाही त्याने ऐकून घेतली, याबद्दल जास्तच.

दुसरी गोष्ट कबूल करायला जड जाते. या पाठावर मी आजवर कितीदा तरी बोलले असेन. दरवेळी सांगितलं, की त्या विधवेसारखं द्या. मीही तिचं देणंच बघितलं. सगुणाबाई दाराजवळच्या बाकावर बसून ते सगळं ऐकत होत्या, आणि संध्याकाळी ती काय जेवली असेल, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला मी त्यांच्या खोलीवर गेले. आवाज अजून नव्हता. वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि आरंभी सवयीने खूण केली. त्यांनी वही दिव्याजवळ धरली, बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं, "आज... जे-वा-यला... काय?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "हुलग्याचं शेंगोळं," आणि दुसरं ताट काढायला उठल्या.