घोड्यासाठी मागितलेला जोगवा

माझा धाकटा भाऊ रंगाऱ्याच्या घरात जन्माला आला ही देवीची चूक, असं आमची आई म्हणायची. त्याने बुडवलेल्या रुमालावर डाग उठलाच म्हणून समजा. म्हैसुरात आमची गल्लीच रंगाऱ्यांची. बाहेर कन्नड आणि घरात मराठी, तीही अर्धी कन्नडात बुडवलेली. राजवाड्याकडून स्वारांच्या फेट्यांचं काम यायचं आणि त्यात एक फेटा गडद आणि दुसरा फिका असं चालायचं नाही. वडील गेल्यापासून घराचा कर्ता मी, आणि तोंडाचा फटकळही मीच. मी त्याला उठता बसता बोलत असे. तो ऐकून घ्यायचा, हात पुसायचा आणि पेटीजवळ जाऊन बसायचा. पेटीवर मात्र त्याच्या बोटांचा कुठेही डाग पडत नसे.

शहराच्या कडेच्या मैदानावर तेव्हा चित्रांचा तंबू लागायचा. चित्रं मुकी. पडद्यावर माणसं तोंडं हलवायची, पडद्याशेजारी उभा राहून एकजण कन्नडात गोष्ट सांगायचा, आणि खाली पेटी, तबला आणि फिडल घेऊन तिघे बसायचे. त्यातली पेटी माझ्या भावाची. तंबूवाल्याने त्याला बोलावून नेलं तेव्हा मी म्हणालो, "जा बाबा, फेट्यांचं तरी कल्याण होईल."

मग ते घोड्याचं चित्र आलं. परदेशातलं होतं. एक स्वार, त्याचा पांढरा घोडा, डोंगर, दरोडेखोर, आणि दोराने बांधून ठेवलेली एक बिचारी बाई. बाईवर सुरी उगारली जायची, आणि तेवढ्यात डोंगराच्या माथ्यावर घोडा दिसायचा. पहिल्या खेळाला काय वाजवावं हे भावाला सुचेना, असं त्याने मला नंतर सांगितलं. बोटं आपोआप गेली ती गोंधळाच्या चालीवर.

आमच्यात लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात. पलीकडे देशावर त्यासाठी गोंधळी बोलावतात म्हणे. आमच्याकडे तसे कोणी नव्हते, म्हणून घरचेच पुरुष उभे राहायचे. त्यात एकेका दैवताला नाव घेऊन बोलवायचं असतं, आणि सगळ्यात शेवटी आपल्या देवीला. तिला बोलवायची चाल वेगळी, आमच्या घराण्याची. ती खालून उठते, वळसे घेत चढते आणि एका ठिकाणी अशी थांबते की आता कोणीतरी येणारच. भावाने ती घोड्यासाठी वाजवली आणि घोडा आला.

तंबू उठून उभा राहिला. लोक ओरडायला लागले, "बंतु! कुदुरे बंतु!" आला, घोडा आला. पुढे पुढे तर घोडा दिसायच्या आधी, पेटीचा पहिला सूर लागला की आरोळी उठायची. लोक चित्राला येत होते की त्या चालीला, हे तंबूवाल्यालाही सांगता आलं नसतं.

मी चाल पहिल्याच दिवशी ओळखली होती. ओळखून गप्प बसलो, कारण मला ती फार आवडली. कामाच्या दिवशीसुद्धा मी तंबूत जाऊन बसायचो आणि सगळ्यांबरोबर ओरडायचो. मुलांनाही नेलं. घरी कढईखाली जाळ घालतानाही मुलं तीच चाल गुणगुणायची आणि मी त्यांना कधी गप्प केलं नाही. हे सगळं आधी सांगतो, म्हणजे पुढे मी जे सोवळं नेसलो त्याची किंमत कळेल.

पुढे माझ्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. व्याही नंजनगूडचे, पाणी गाळून पिणारी माणसं. गोंधळाला मी आणि ही चौकापुढे बसलो होतो, दिवटी पेटली होती, भाऊ उभा राहून बोलावत होता. सगळी दैवतं झाली. देवीची पाळी आली, चाल उठली, वर चढली, थांबली, आणि मागे बसलेल्या आमच्या घरच्या पोरांनी एकसुरात आरोळी ठोकली, "कुदुरे बंतु!"

देवीला बोलावलं आणि आला घोडा! व्याह्यांकडच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. व्याही माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यात असं असतं का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरांना मीच तंबूत नेलं होतं, हे त्या क्षणी आठवलं असतं तर बरं झालं असतं. मला आठवलं फक्त माझं कापलेलं नाक. गोंधळ संपल्यावर मी सगळ्यांसमोर भावाला चौकापुढे उभं केलं, त्याच्या हातावर भंडारा ठेवला आणि म्हणालो, "उचल. ही चाल देवीखेरीज कोणापुढे वाजवणार नाही म्हण."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तंबूत त्याच्या समोरच्या बाकावर बसून मीच ओरडत असे, हे त्याला ठाऊक होतं. भंडारा कपाळाला लावला आणि मी सांगितलं तसं म्हणाला. व्याह्यांची मान समाधानाने हलली. मला वाटलं, घराची अब्रू राखली.

काही महिन्यांनी त्या चित्राचा दुसरा भाग आला. तंबूवाल्याने बैलगाडीवर नगारा ठेवून गावभर दवंडी पिटली. तोच स्वार, तोच घोडा आणि तीच पेटी. हिनकलपासून माणसं चालत येणार अशी बातमी होती. भाऊ संध्याकाळी माझ्याकडे आला. मी फेटे पिळत होतो.

"अण्णा, मालक तीच चाल मागतोय. मी दुसरी बसवलीय, पण लोक ऐकतील असं वाटत नाही. तो म्हणतो, लोक उठून गेले तर दुसरा पेटीवाला बघतो."

"मग मी काय करू?"

"मला सोडवा की."

आमच्यात शपथ सोडवायची रीत आहे. ज्याने भंडारा हातावर ठेवला, त्यानेच परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. प्रत्येक दारात कोणासाठी मागतो ते मोठ्याने सांगायचं. मिळालेल्या पिठाची भाकरी देवीला दाखवायची आणि ज्याची शपथ त्याला खाऊ घालायची. एवढंच. पण गल्लीतल्या ज्या घरांचे वाद माझ्या ओसरीवर मिटत, त्यांच्याच दारात मी परडी पुढे करून म्हणायचं, की तंबूतल्या घोड्यासाठी जोगवा घाला?

"देवीपुढची शपथ," मी म्हणालो. "ती सोडवणारा मी कोण?"

"अय्यो अण्णा, तुम्हीच की. पाच घरं हिंडायला स्वल्प वेळ लागतो. माझ्यासाठी हिंडा."

"लाज वाटत नाही देवीला घोड्यापुढे नाचवायला?"

तो "बरं" म्हणाला आणि गेला. त्याला जगात एकच गोष्ट नीट येत होती आणि ती त्याच्या हातातून जाणार होती. मला ते कळत होतं. पण माझा हात फेटे पिळत राहिला.

आणि तरी दुसऱ्या दिवशी मी दुसरा भाग बघायला गेलो! घरात बसवेना. खरं सांगायचं तर मला ती चाल ऐकायची होती. मी बंद केलेली चाल भाऊ माझं न ऐकता वाजवेल, आणि मला रागावताही येईल आणि ऐकायलाही मिळेल, असं काहीतरी माझ्या मनात असावं.

तंबू फुटायच्या बेतात भरला होता. चित्र चांगलं होतं, पहिल्यापेक्षाही चांगलं. या वेळी पूर होता आणि पुलावरची मारामारी होती. बाई पुन्हा बांधलेली. सुरी उगारली गेली, तंबू श्वास धरून बसला, आणि पेटीतून भलतीच चाल निघाली.

ती वाईट नव्हती. त्याने बरीच मेहनत घेतली होती, हे आज मी शांतपणे सांगू शकतो. पण त्या वेळी तोंडात घास घालावा आणि मीठच नसावं तसं झालं. घोडा आला तरी कोणी उठलं नाही. मग मागून एकजण ओरडला, "हळेदु बारिसो!" जुनं वाजव. मग सगळेच ओरडू लागले. पाय आपटले, शिट्ट्या झाल्या. गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज बुडाला. भाऊ मान खाली घालून तेच वाजवत राहिला. तबलजी त्याला कोपराने ढोसत होता, वाजव रे, वाजव. तो वाजवीना.

माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता, कृष्णराजनगरकडचा शेतकरी, नातवाला खांद्यावर घेऊन आलेला. तो हळहळत मला म्हणाला, "पेटीवाला बदलला वाटतं हो."

"असेल," मी म्हणालो.

एवढं एकच उत्तर. तो माझा भाऊ आहे, त्याच्यासारखा पेटीवाला या गावात नाही, त्याचे हात मी बांधलेत, यातलं काही मी म्हणालो नाही. उलट त्या म्हाताऱ्याइतकीच माझीही निराशा झाली होती, आणि रागही आला होता तो भावाचाच. बाहेर येताना मी लोकांच्या गर्दीत शिरलो, त्याने मला बघू नये म्हणून.

तंबूवाला सकाळी घरी आला. माणूस सभ्य होता. ओसरीवर बसून ताक प्यायला आणि म्हणाला, "काही दिवस विश्रांती घेऊ दे त्याला." भाऊ आत कढईपाशी होता. त्याने ऐकलं आणि चाटूने रंग ढवळत राहिला. त्या दिवशी त्याने फेट्यांचा एक गठ्ठा रंगवला आणि एकावरही डाग नव्हता. ते फेटे वाळत घालताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या हिला मी जेवताना म्हणालो, "चांगलं काम करायला लागला की."

ती वाढता वाढता थांबली. "तुम्हाला व्याह्यांची लाज वाटली, ती तुम्ही देवीच्या नावावर खपवली. आता साकु, पुरे झालं. परडी काढून ठेवलीय."

मी उठलो. पहिल्याच दारात गल्लीतली सर्वात म्हातारी बाई बसलेली. मी परडी पुढे केली आणि म्हणालो, "धाकट्या भावासाठी. शपथ सोडवायला."

"आता होय?" ती म्हणाली. "चित्र पडल्यावर?"

तिने ओंजळभर पीठ घातलं. पुढच्या दारात हसले, त्याच्या पुढच्यात काही न विचारता घातलं. मला वाटलं होतं की मान खाली जाईल. तसं काही झालं नाही. पाच घरं हिंडायला खरंच फार वेळ लागत नाही, आणि तेच जास्त लागलं मनाला. घरी येऊन हिने भाकरी थापली, देवीला दाखवली. मी भावाच्या कपाळाला भंडारा लावला.

"सुटलास," म्हणालो.

त्याने भाकरी सगळी खाल्ली, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "कशाला हिंडलात अण्णा एवढ्या उन्हाचं?"

संध्याकाळी मी त्याला घेऊन तंबूवर गेलो. मालकाची माफी मागायची, चूक माझी होती म्हणून सांगायचं, आणि त्याला पुन्हा पेटीवर बसवायचं, असं मी ठरवून आलो होतो. मालक गडबडीत होता. आम्हाला बघून ओशाळला. "आधी बसा, खेळ बघा, मग बोलू," म्हणून त्याने आम्हाला पुढच्या बाकावर बसवलं. पेटीवर बंगळूरहून आणलेला एक तरुण होता, तेल लावून भांग पाडलेला.

पूर आला, पूल आला, सुरी उगारली गेली. आणि त्या तरुणाने आमच्या घराण्याची चाल धरली.

त्याला ती कोणी शिकवली नव्हती. पहिल्या भागापासून सगळ्या गावाच्या ओठांवर होती, रस्त्यावरची पोरं शिट्टीवर वाजवत फिरायची, त्याने ती उचलली असणार. त्याला शपथ नव्हती आणि देवीही नव्हती. वळसे सगळे बरोबर नव्हते. पण चाल खालून उठली, चढली, आणि त्या ठिकाणी येऊन थांबली. घोडा दिसला, तंबू उठला आणि तंबूबरोबर मीही उठलो. घसा फाडून ओरडलो. किती दिवसांनी ती मिळत होती!

ओरडून झाल्यावर मी खाली बसलो आणि मगच मला आठवलं की शेजारी कोण बसलंय.

भाऊ उठला नव्हता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, नखांत निळा रंग. तो माझ्याकडे बघत होता, आणि मूल खूश झालं की मोठं माणूस बघतं तसं बघत होता.

"आवडलं ना अण्णा?" त्याने विचारलं.

टोमणा मारत नव्हता तो. मारला असता तर मला सोसलं असतं.