चार बोटं उंचीची कड

सकाळी पावणेसातला मन्मथचा फोन आला. त्या वेळेला माझ्याकडे फोन वाजत नाही; वाजलाच तर दूधवाल्याचा, आज येत नाही म्हणून सांगायला. "मावशी, आई गेली..." एवढंच तो म्हणाला आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं गेली?" आदल्या संध्याकाळी हीच बाई माझ्याशी फोनवर लोणच्याच्या कैऱ्यांवरून तावातावानं भांडली होती. तिच्या मते मी आयुष्यात एकदाही नीट कैरी निवडलेली नाही. नांदेडहून लातूरला एसटीनं जाईपर्यंत मी त्या भांडणातली माझी बाजू मनात मांडत राहिले, कारण दुसरं काही सुचतच नव्हतं.

घरी पोचले तेव्हा अक्काला आम्हा लिंगायतांच्या रीतीनं भिंतीशी टेकवून बसवलं होतं, हार घातला होता, कपाळी विभूती. दाजी तिच्या पायाशी बसलेले. त्यांना दिसत नाही, पण त्यांचा एक हात तिच्या तळपायावर होता आणि कुणी काहीही बोललं तरी तो हलत नव्हता. त्या तळपायांची गोष्ट मला सांगायची आहे. आता दीड महिना झाला. रडून झालं, अजूनही होतं मधूनमधून... पण माझ्या बहिणीबद्दल लिहायचं तर मला छाती पुढे काढूनच लिहिता येईल.

आम्ही निलंग्याकडच्या. सुमित्रा मोठी, तिला सगळं गाव अक्काच म्हणायचं. मी निर्मला, तिच्या मागेमागे फिरणारी आणि तिच्याशीच भांडणारी. लग्न होऊन ती लातूरला गेली. दाजींचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर हात ग्रीसमध्ये, पण सकाळचा तास घरामागच्या मोकळ्या जागेत, मोगरा, गुलाब, जास्वंद आणि मधोमध त्यांनीच लावलेला कडुलिंब यांच्यासाठी राखलेला. पुढे काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, चार-पाच वर्षांत कडेकडेनं गेले. मागची जमीन काळी, पावसात चपलेला शेर-शेर चिखल धरणारी आणि उन्हाळ्यात ढेकळांची. दोनदा पडल्यावर दाजी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले ते बसलेच. एकदा मला म्हणाले, "निर्मला, मी आता कपाट झालोय गं. कुणी सरकवलं तर सरकायचं." हसत म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

अक्का त्या वाक्यावर हसली नाही. रात्रीची भाकरी थापता थापता मला म्हणाली, "त्यांना एकट्याला लिंबापर्यंत जाता आलं पाहिजे. कुणाचा हात न धरता. बास, मला दुसरं काय नको."

मन्मथ तिचा एकुलता एक मुलगा, पुण्यात इंजिनियर. त्यानं लगेच मागे पेव्हर ब्लॉक टाकायचे आणि दोन्ही बाजूंनी स्टीलची रेलिंग लावायची असं ठरवून टाकलं. "रेलिंग धरून चालायला तो काय दवाखाना हाय का?" अक्का म्हणाली. "आणि ते ब्लॉक सगळे सारखेच. पायाला कसं कळायचं, कुठं आलो ते?" तेव्हा मला तिचं म्हणणं कळलं नव्हतं. मन्मथला तर अजिबातच नाही.

एप्रिलच्या भर दुपारी ती मला गावाबाहेरच्या फरशीवाल्याकडे घेऊन गेली. दुपारीच कामून विचारलं, तर म्हणाली, फरशी पारखायला ऊन लागतंय. तिथं पोचताच तिनं चपला काढल्या. मालकानं आधी चकचकीत पॉलिशची फरशी दाखवली. अक्कानं त्यावर तांब्याभर पाणी ओतायला लावलं, वर उभी राहिली, अंगठा पुढे सरकवला आणि उतरली. "हे घरात. बाहेर माणूस मरंल." मग चार जातींचे तुकडे तिनं उन्हात मांडायला लावले आणि आम्ही शेडमध्ये चहा घेत बसलो. अर्ध्या तासानं अक्का एकेकावर अनवाणी उभी राहायला लागली. काळ्या दगडावर पाय ठेवला आणि "आई गं!" करून अशी उडी मारली की मालकाचा चहा सांडला. शहाबादी तापली होती, पण पाय टेकवून घेत होती. तिची वरची बाजू न घासलेली, अंगचीच खरबरीत. त्यावर अक्का डोळे मिटून उभी राहिली. दोन पावलं पुढे, दोन मागे. मालकाला हसू आवरेना. "काकू, लोक डोळे फाडून फरशी बघतात, आणि तुम्ही झाकून बघायलात!"

"आमच्या घरच्या मालकाला घ्यायलेय," अक्का डोळे न उघडता म्हणाली. "त्यांना असंच दिसतंय."

त्यानंतर प्रत्येक दगड फरशीवाल्यानं स्वतः उचलून आणून दाखवला.

असा तिचा बेत ठरला. मागच्या दारापासून लिंबापर्यंत चालायला खरबरीत शहाबादी. लिंबाखाली बाकाशी गुळगुळीत घासलेली पिवळसर तांदूर फरशी, म्हणजे पाय गुळगुळीत लागला की समजायचं, आलो. काळा दगड पायाखाली नाही, फक्त कडेला. वाटेच्या दोन्ही बाजूंनी चार बोटं उंच, काठी लागताच टक्कन वाजणारा. आणि पाण्याच्या हौदाशी जिथं वाट वळते, तिथं जात्याला टाकी लावतात तसा छिन्नीनं टोचलेला एक आडवा पट्टा. तो लागला की वळायचं. कुठल्या पुस्तकात वाचलं म्हणून तिला विचारलं तर म्हणाली, "पुस्तकात कशाला? मी चाळीस वर्षं अंधारात उठून दूध तापवलंय. पायाला घर पाठ असतंय."

काम करायला यल्लप्पा मिस्त्री आला. तो कानडीत पुटपुटायचा आणि अक्का त्याला कानडीतच उत्तर द्यायची, त्यामुळे त्याची पुटपुट दुसऱ्या दिवशी बंद झाली. आठ दिवसांत त्यानं सिमेंटवर फरशी बसवून दिली. अगदी देखणी. दाजी रोज लिंबापर्यंत जायला लागले आणि अक्का फोनवर इतकी फुशारकी मारायची की मी फोन बाजूला ठेवून भाजी चिरायची.

पावसाळा झाला, हिवाळा सरला आणि ऊन तापायला लागल्यावर फरशी जागोजागी उचलली गेली. एक सांधा फुटून वर आला, त्यात काठी अडकली आणि दाजी कोपरावर पडले. हाड वाचलं, पण माणूस खचला. "आता बास," म्हणाले, "मला पुढच्या खोलीतच ठेव."

त्या दिवशी अक्का फोनवर रडली. ती रडलेली मला आठवत नाही फारशी. "निर्मला, आपण काळीतल्या पोरी गं... आणि मीच इसरले!" आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या रानात उन्हाळ्यात अशा भेगा पडायच्या की माझं एक पैंजण त्यात गेलं ते पुन्हा सापडलं नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, वर काय ठेवलंय ते बघत नाही. हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. पण शहरात घर बांधलं की माणसाला वाटतं, खालची माती पण शहरातली झाली.

मन्मथ म्हणाला, आता तरी ब्लॉक टाक. यल्लप्पा म्हणाला, सिमेंट आणखी जाड टाकतो. अक्कानं दोघांचंही ऐकलं नाही. सगळी फरशी उचलून लिंबाला टेकवून ठेवली, मुळं सांभाळत मांडीएवढी खोल काळी माती काढून टाकली, त्यात थराथरानं मुरूम भरला, पाणी मारलं, धुमसानं ठोकून घेतला. मुरूम फुगत नाही. वर बारीक चाळलेला मुरूम आणि त्यावर दगड, सांध्यात सिमेंटचा कण नाही. यल्लप्पा फुरंगटला होता. "अक्का, असं मोकळं ऱ्हायलं तर दगड हलतील की."

"थोडं हलू दे. घट्ट धरलं म्हणूनच फुटलं ना?"

साठी उलटलेली बाई ती. खुर्ची टाकून दिवसभर उन्हात बसायची आणि बसवलेल्या प्रत्येक दगडावर उभी राहून डुलायची. जो दगड खाली कुटकुट वाजला, तो पुन्हा उचलायला लावायची. शेवटी शेवटी यल्लप्पाच तिला हाक मारायचा, "अक्का, या, ह्याच्यावर नाचून घ्या."

वाट झाली, पण दाजी दाराबाहेर येईनात. चार दिवस गेले. मी तेव्हा तिथंच होते. पाचव्या दिवशी सकाळी अक्कानं मागच्या दाराशी त्यांची खुर्ची ठेवली, त्यांना बसवलं आणि स्वतःच्या डोळ्यांवर पदराचा घट्ट पट्टा बांधला. त्यांची काठी घेतली. "मी चाललेय. पडले तर तुम्ही येऊ नका." दाजींना कळेचना. मी सांगितलं, "दाजी, अक्कानं डोळे बांधलेत." ती निघाली. काठी काळ्या कडेवर टक्... टक्... हौदाशी पट्ट्यावर खर्रकन घासली, वळली, मग आवाज थांबला. लिंबाखालून ओरडली, "पोचले!"

दाजी म्हणाले, "दोघंबी आंधळे झाल्यावर चहा कोण करायचा गं?" आणि उठले. काठी तिच्याकडे होती, म्हणून मी देवघराजवळची छत्री दिली. त्या छत्रीनं कड चाचपत ते गेले. मी मागे दोन पावलं टाकली, तर अक्का तिकडून डोळे बांधलेल्या अवस्थेत ओरडली, "निर्मला, तू जागची हलायची न्हाई!" माझ्या पावलांचा आवाज तिनं ओळखला होता.

त्यानंतर शेवटच्या सकाळपर्यंत त्या घराचा एक रिवाज झाला. दाजी उठून एकटे मागे जायचे आणि बाकाशी पोचले की हाक मारायचे, "पोचलो!" स्वयंपाकघरातून अक्का म्हणायची, "टाकला!" म्हणजे चहा.

अक्काचे दिवस झाल्यावर आम्ही घरातले सगळे बसलो. मन्मथ चांगला मुलगा आहे, हे इथं स्वच्छ लिहिते. तो दाजींना पुण्याला न्यायचं म्हणत होता. सातवा मजला, लिफ्ट, सगळं आहे. दाजींनी शांतपणे विचारलं, "तिथं मी एकटा कुठवर जाईन?"

"कुणीतरी असेलच ना बाबा, हात धरायला."

दाजी उठले, मागच्या दारानं बाहेर पडले. काठी कडेवर टक्... टक्... खर्रकन घासली, वळली, थांबली. आणि सवयीनं हाक आली, "पोचलो!"

स्वयंपाकघर रिकामं होतं. मग मन्मथ उठला, ओट्याशी उभं राहून डोळे पुसत त्यानं चहा केला आणि बाहेर नेऊन दिला. येताना अनवाणी आला, प्रत्येक दगडावर जरा थांबत. पुण्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. आता शेजारची बाई दोन वेळा स्वयंपाक करून जाते आणि तो दर पंधरा दिवसांनी येतो.

मी नांदेडला परतले तेव्हा फोनची धास्ती बसली होती. एकदा पावणेसातलाच वाजला. पडद्यावर दाजींचं नाव होतं. पलीकडून कुणी बोलेना. नुसती काठी ऐकू येत होती... दाजींनी फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. टक्, टक्, मग खर्रकन, मग शांत.

"पोचलो," दाजी म्हणाले.

मी फोन कानाशी धरूनच ओट्यापर्यंत गेले. तोवर ते थांबले.

"टाकला," मी म्हणाले आणि इकडे नांदेडला गॅस पेटवला. तेव्हापासून रोज पेटवते.