मोतीबाईंच्या चौदा सुया

कर्जतच्या धर्मादाय दवाखान्यात मी एकवीस वर्षं कंपाउंडर होतो. पटकीची माणसं पाहिली, गाडीखाली सापडलेली पाहिली. माझा हात कधी थरथरला नाही. पण १९३१ सालच्या मार्गशीर्षात, एका सकाळी, मी दवाखान्यातून चक्क पळून गेलो. आत मोतीबाई राहिल्या.

मोतीबाई आमच्या नर्स. मूळच्या अलिबागकडच्या, लहानपणीच विधवा झालेल्या, पुण्यात राहून हे काम शिकलेल्या. चाळिशी उलटलेली, अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र दणदणीत. पेशंटला आणलं की त्या आधी त्याच्याबरोबरच्या माणसांना विचारायच्या, "तुम्ही काही खाल्लंय का?" मला या प्रश्नाचा राग यायचा. माणूस विव्हळतोय आणि या भाकरीची चौकशी करतात.

त्या सकाळी लोधिवलीहून बैलगाडी आली. गाडीत हिरामण नावाचा तिशीतला शेतकरी होता, गुरांच्या दाव्यांनी हातपाय बांधलेला. गालावर अर्धवट भरलेली जखम. तीन आठवड्यांपूर्वी भात झोडून झाल्यावर तो खळ्यावर निजला होता, तेव्हा पिसाळलेला कोल्हा येऊन चावला. घरच्यांनी जखमेत तिखट भरलं, मांत्रिकाकडून पाणी मंतरून आणलं. आता तो पाणी पाहिलं तरी किंचाळत होता. गाडीवान दूर उभा राहून म्हणाला, "भुकाया लागंल आता. जवळ नका जाऊ कोणी."

डॉक्टरसाहेबांनी त्याला पाहिलं आणि बाहेर येऊन हळू आवाजात सांगितलं, "यावर औषध नाही. गुंगीचं देतो, तेवढंच. लाळेत विष असतं, कोणीही हात लावायचा नाही."

तेवढ्यात खोलीतून अशी किंकाळी आली, की माझ्या हातातली बाटली खाली पडली. मी मागच्या दारानं निघालो तो थेट स्टेशनच्या फलाटावर जाऊन बसलो. घरी दोन मुलं होती, तीच डोळ्यांपुढं येत होती.

दोन तासांनी लाजेनं परत आलो. हिरामणची बायको सुंदरा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पुढ्यात बाईंच्या डब्यातली भाकरी तशीच होती. मी खोलीच्या फटीतून डोकावलो. बाईंनी पाण्याचा माठ बाहेर काढला होता. वाऱ्यानंसुद्धा त्याचा घसा आवळायचा, म्हणून खिडकीला चादर लावली होती. दावी सोडून कोपऱ्यात टाकली होती. हिरामणचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि त्या त्याच्या तोंडाची लाळ फडक्यानं पुसत होत्या.

"बाई, सोडलंत कशाला?" मी दाराबाहेरूनच म्हणालो.

"बांधलं की तो जास्त घाबरतो, सहदेवभाऊ. हळू बोला. आत्ता शुद्धीत आहे."

खरंच तो शुद्धीत होता. मला वाटलं होतं, त्याच्यात आता माणूस उरलाच नसेल. पण तो बोलत होता, अडखळत, घोगऱ्या आवाजात. "बाय, मी कुणाला चावलू तर नाय ना?"

"नाही रे. कुणालाच नाही."

मग तो म्हणाला, "वाडीतल्या ठकीच्या पोरीला बी चावला त्यो. बुधीला. टाचेला. लाकडं आनाया गेल्ती. त्यांनी दडवून ठेवलंय."

हे त्यानं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आजारी पडल्यापासून त्याच्याजवळ ऐकायला बसलं होतं कोण?

दुपारी बाईंनी सुंदराला आत नेलं. ती दारातच थबकली. बाई म्हणाल्या, "तोंडाजवळ जाऊ नकोस. पाय धर त्याचे." तिनं पाय धरले. दिवस मावळायच्या आत हिरामण गेला.

हात धुताना बाईंनी आपले तळवे डॉक्टरांपुढं धरले. फिनेलनं आणि थंडीनं बोटांना भेगा पडल्या होत्या, आणि दिवसभर त्याच हातांनी लाळ पुसली होती. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच माणूस मुंबईला पाठवला, लस आणायला. रोज एक, पोटात, चौदा दिवस.

"दोघींपुरती मागवा. त्या बुधीलाही लागेल," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लस आली. बाईंनी पहिली सुई घेतली आणि तिसऱ्या दिवशी सकाळची टोचून घेऊन माझ्यासह ठकीच्या वाडीवर निघाल्या. लोधिवलीच्या वरच्या अंगाला डोंगरात ठाकरांची पंधरा-वीस घरं. आम्ही दिसताच दारं लागली. हिरामणला दवाखान्यात सुई देऊन मारलं, ही बातमी आमच्या आधी वर पोचली होती. पाच-सहा गडी कोयते घेऊन उभे राहिले. मी बाईंच्या मागं सरकलो.

ठकी झोपडीच्या दारात आडवी उभी होती. तिच्या मागं आठ-नऊ वर्षांची बुधी, टाचेला पाला बांधलेली. "माझी पोर बरी हाय. जा तुमी," ठकी ओरडली. ती रागावली नव्हती. मागं हात नेऊन तिनं पोरीला घट्ट धरलं होतं.

बाई काही बोलणार, तोच पाऊलवाटेनं सुंदरा वर आली. घरात सुतक, कपाळ मोकळं, तरी ती एकटीच चढून आली होती. आम्ही गावातून वर जाताना तिनं पाहिलं असावं. धापा टाकत ती म्हणाली, "बाईंनी नाय मारलं गं त्याला, ठके. समदी पळाली. मी बी भ्याले. हिच्या मांडीवर जीव गेला त्याचा. तुज्या बुधीचं नाव त्यानंच सांगितलं."

गड्यांनी कोयते खाली घेतले. बाईंनी ठकीला झोपडीत नेलं. बाहेर मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. "हे बघ माझं पोट. दोन झाल्या, बारा राहिल्या. दुखतं. खोटं नाही सांगत. मलाही भीती वाटते, ठके. रात्रंदिवस वाटते. पण तुझी पोर आणि मी बरोबर घेऊ. आधी मला टोचतील, मग तिला."

बराच वेळ गेला. मग ठकी पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली.

मायलेकी दवाखान्यातच राहिल्या. पहिल्या दिवशी सुई पाहून बुधीनं माझा हात ओरबाडला. बाईंनी आपली सुई घेतली, दात आवळले आणि म्हणाल्या, "ओरड माझ्याबरोबर." दोघी मिळून ओरडल्या. रोज ओरडायच्या. बाहेरचे पेशंट दचकायचे.

एका सकाळी मी औषधांच्या खोलीत गेलो तर बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. हातात पाण्याचा पेला. एक घोट घेतला, गिळला, डोळे मिटून थांबल्या. मग दुसरा. मी आल्याचं कळताच पेला खाली ठेवला. "पाणी उतरतंय," एवढंच म्हणाल्या. त्या रोज असं करत होत्या, हे मला तेव्हा समजलं.

चौदा सुया झाल्या तरी धास्ती गेली नाही. डॉक्टर म्हणाले होते, तीन महिने काही सांगता येत नाही. बुधीला साधा खोकला आला तरी ठकी डोंगर उतरून धावत यायची. शिमगा झाला, पाडवा झाला. दोघींना काही झालं नाही.

त्यानंतर वाडीची माणसं दवाखान्यात येऊ लागली. बाळंतिणी आल्या, तापानं फणफणलेली पोरं आली. सगळ्यांना बाईच हव्या असत. चार वर्षांनी बाई पेणला गेल्या, तेव्हा ना कुणी समारंभ केला, ना मानपत्र दिलं. ठकी आणि सुंदरा स्टेशनवर आल्या होत्या. बुधीनं करवंदांचा द्रोण आणला होता. ठकी सारखी म्हणत होती, "आता आमी कुणाकडं यावं गं बाय?"

बाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी मान खाली घातली. गाडी सुटेपर्यंत ठकी माझ्याकडं संशयानं बघत होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं.