आक्कानं पसंत केलेली गाडी

आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि आमची छोटी गाडी घरात एकदम नकोशी झाली. तिच्यात बसायचं म्हणजे आईला खूप खाली वाकावं लागे, आणि उतरताना मी आणि बायको तिला दोन्हीकडून धरून अक्षरशः वर ओढायचो. वाईहून मिरजेला तपासणीसाठी जायचं ठरलं की आई आदल्या दिवसापासूनच गप्प व्हायची. शेवटी वापरलेली का होईना, पण उंच आणि घरातली सगळी माणसं मावतील अशी गाडी घ्यायची ठरली. मी इस्लामपूरला आक्काला फोन केला.

आक्का ही माझी थोरली बहीण. आमचे दाजी फौजेत होते, वर्षातला बराचसा काळ सीमेवर. एकदा सकाळी तिच्या सासऱ्यांच्या छातीत कळ आली. दारात जीप उभी, किल्ली खुंटीला, आणि घरात चालवणारं कोणी नाही. शेजारचे आले म्हणून सासरे वाचले. पुढच्या सुट्टीत दाजी आल्यावर तिनं दुसरं काही मागितलं नाही, फक्त गाडी शिकवा म्हणाली. गाळप संपल्यावर साखर कारखान्याचं ऊसगाड्यांचं मैदान मोकळं पडतं, तिथं दाजींनी तिला शिकवलं. लोक कुंपणाशी उभे राहून बघायचे. ती बघू द्यायची. नंतर जीप बिघडली की ती गॅरेजमध्ये सोडून घरी येत नसे. काम होईपर्यंत शेजारी उभी राहून विचारत बसे. हळूहळू आमच्या सगळ्या गोतावळ्यात कोणी गाडी बघायला निघालं की आधी आक्काला विचारायला लागलं.

फोनवर ती म्हणाली, "येते की. पर आईला संगं घ्यायचं."

"तिला कशाला त्रास?"

"आरं, गाडीत बसणार ती, आन् पसंत करणार तू? असं कसं चालंल?"

पहिली गाडी आम्ही साताऱ्याबाहेर महामार्गालगत एका डीलरकडे पाहिली. पांढरीशुभ्र, चकचकीत, आतून अत्तराचा वास. खरं सांगायचं तर मला ती बघताक्षणी आवडली होती. आईही मधल्या सीटवर आरामात टेकली आणि म्हणाली, "ही बरी हाय." आमच्याआधी एक तरुण जोडपं तीच गाडी बघत होतं. बाईच्या कडेवर तान्हं मूल होतं. त्यांचं जवळजवळ ठरत आलं होतं. ते घरी फोन करून मग सांगतो म्हणाले होते आणि तिथंच बाजूला उभे होते.

आक्का गाडीभोवती एक फेरी मारून नंबरप्लेटपाशी थांबली. "दहा नंबर," ती म्हणाली. म्हणजे गाडी सांगली पासिंगची. "भाऊ, सांगलीत कुठं असायची ही?"

"ते काही माहीत नाही ताई. चार-पाच गाड्या एकदम घेतल्या, त्यातली ही. इंजिन बघा ना, एकदम मक्खन."

आक्कानं इंजिन बघितलंच नाही. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि सीटबेल्ट ओढायला लागली. आपण लावताना ओढतो तेवढा नाही. संपेपर्यंत, पार शेवटपर्यंत. पट्ट्याचा रोज बाहेर येणारा भाग स्वच्छ होता. पण एरवी कधी बाहेर न येणाऱ्या भागावर आडवी पिवळट रेघ होती, आणि रेघेच्या खाली पट्टा कडक झाला होता. तिनं नखानं खरवडलं. बारीक माती पडली.

सांगलीला महापूर आला होता तेव्हा आक्का पाणी ओसरल्याबरोबर नणंदेच्या घरी गेली होती. घर धुवायला म्हणून गेली ती बरेच दिवस तिथंच राहिली. शिलाई मशिनच्या खणात, शेगडीच्या बटणांमागं, देवघराच्या बिजागऱ्यांत, कुठं कुठं गाळ निघायचा ते ती आम्हाला सांगायची. ती माती तिनं आता बोटांवर चोळली आणि वास घेतला. मग सीट मागं सरकवून ती ज्यांवर सरकते त्या खालच्या लोखंडी पट्ट्या बघितल्या. स्क्रू गंजलेले. गालिच्याचा कोपरा उचलला, तर खाली वाळलेल्या गाळाच्या पापड्या.

मला वाटलं, आता ही डोळ्यानं खूण करील आणि आम्ही काहीतरी कारण सांगून निघू. मी असतो तर तेच केलं असतं. आक्का खाली उतरली आणि सरळ त्या जोडप्याकडे गेली.

"पोरी, ही गाडी घिऊ नगा. पुराच्या पाण्यात बुडालेली हाय. आज चालंल, उद्या वायरिंग कुठं दगा दील ते सांगता येत न्हाई. बाळ हाय तुमच्याजवळ."

डीलरचा चेहरा लाल झाला. "ओ ताई, तुम्हाला घ्यायची नसेल तर नका घेऊ. माझं गिऱ्हाईक का तोडता?"

आक्काचा आवाज चढला नाही. "भाऊ, तुमी सवता बघा. मी खोटं बोलत असंन तर मला सांगा."

तो रागारागानं गाडीत बसला आणि पट्टा ओढला. तसाच तो हातात धरून बसून राहिला. मग त्यानं दुसऱ्या बाजूचा ओढला. मागचे ओढले. सगळ्यांवर तीच रेघ, जवळपास एकाच उंचीवर. बाहेर आला तेव्हा त्याचा राग उतरला होता.

"आईशप्पथ, मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. मग त्या तरुण बाईकडे वळून, "वहिनी, ही गाडी मी कुणालाच देत नाही." आणि त्यानं आमच्यासमोर काचेवरची विक्रीची पाटी काढली.

आम्ही निघालो तसा तो मागून आला. "ताई, जतकडं एकजण आहेत. मेंढ्या आहेत त्यांच्या. गाडी विकायची म्हणत होते. दिसायला चांगली नाही म्हणून मी उचलली नाही. पण माणूस सरळ आहे. मला त्यात काही नको, तुम्ही परस्पर बघा."

जतच्या त्या गृहस्थांना आक्कानं फोनवर एकच गोष्ट सांगितली. "आमी यायच्या आधी गाडी चालू करू नगा." तापलेलं इंजिन कसंही सुरू होतं. गार असताना कसं सुरू होतं ते तिला बघायचं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ते मोटारसायकलवर पेंडीचं पोतं घेऊन येत होते. गाडी दारात असून त्यांनी तिला हात लावला नव्हता.

घरात ते कानडी बोलत होते, आमच्याशी मराठी. गाडी धुळीनं इतकी माखलेली की रंग नीट कळेना. ते ओशाळून म्हणाले, "धुतली न्हाई बगा अक्का. टँकरचं पाणी माणसांना न् मेंढरांना पुरवायचं. गाडीला कुठलं?"

"लय बरं केलंसा," आक्का म्हणाली. "धुतलेल्या इंजिनावर तेल कुठनं गळतंय ते दिसत न्हाई."

तिनं बॉनेटवर तळहात ठेवला. गार. किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मागं थोडा धूर आला आणि विरला. आरसी बुकावरचा चॅसिस नंबर तिनं गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले. नुसती धूळ. ते गृहस्थ चकित होऊन बघत होते. कारण सांगितल्यावर इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "पूर? आमच्या जतला? आवो, पूर बगायला आमाला सांगलीला जावं लागतंय!"

मागच्या एका दाराचा रंग किंचित वेगळा होता. आक्कानं बोट ठेवलं. "ह्यो ठोकर कशाची?"

"एडक्याची," ते म्हणाले. "नवीन गाडी, दार आरशासारखं चमकायचं. एडक्याला त्यात दुसरा एडका दिसला. घातली धडक. दोनदा!"

आक्का हसली, पण दार उघडून आतला खांब आणि बिजागऱ्या तपासल्याच. सरळ होत्या. मग त्यांनी स्वतःच सांगितलं, क्लच फार दिवस चालणार नाही, एसी मंद आहे, आणि पावसाळ्यात कोकरं नेलीत, तो वास लवकर जायचा नाही. आक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. "इतकं कुनी सांगत न्हाई हो," ती म्हणाली.

आता आईची पाळी. मी हात द्यायला पुढं झालो. आईनं पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि म्हणाली, "मला कुनी धरू नगा." एक क्षण ती तशीच थांबली. मग चढली. कोणाच्याही मदतीशिवाय चढली आणि सीटवर बसून पदर सावरत आमच्याकडे बघितलं. ऑपरेशननंतर तिच्या चेहऱ्यावर असं मी काही पाहिलं नव्हतं.

आक्कानं सगळ्यांना बसवून गाडी पळवली. सरळ रस्त्यावर स्टेअरिंगवरची पकड सैल करून गाडी एका बाजूला ओढते का पाहिलं, मोकळ्या जागी जोरात ब्रेक मारला, चढावर थांबवून पुन्हा उचलली. मालकांनीच पुढाकार घेऊन जतच्या गॅरेजमध्ये नेऊन खालून दाखवली. कर्ज फिटलं होतं, पण आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच होता. तो उतरेपर्यंत आम्ही थांबू, असं आक्का म्हणाली. ते म्हणाले, "थांबाच. पुन्हा तुमाला घोर नको." आणि खरंच, सगळं उरकून त्यांनीच फोन केला.

गाडी आणायच्या दिवशी त्यांच्या घरच्या बाईंनी आईला गाडीत असतानाच ताक आणून दिलं. निघताना त्या गृहस्थांनी बॉनेटवर दोनदा थोपटलं आणि मागं न बघता मेंढवाड्याकडे गेले.

क्लच आम्ही लगेच बदलला. वास मात्र त्यांनी सांगितला होता तसाच बरेच महिने राहिला. पावसात तर मुलं बँ बँ करून हसायची. मी आभार मानायला साताऱ्याच्या डीलरला फोन केला, तेव्हा कळलं की त्या जोडप्याला त्यानं दुसरी गाडी दिली होती आणि आता कुठलीही गाडी घेताना तो आधी पट्टे ओढतो. हे आक्काला फोनवर सांगितलं. पलीकडं भाकरी थापल्याचा आवाज येत होता. "चांगला मानूस निघाला," एवढंच म्हणाली आणि फोन आईला दे म्हणाली.

आई आता मिरजेला जायचं म्हटलं की सकाळीच तयार होऊन ओट्यावर बसते. परतताना गाडी इस्लामपूरला वळवायला लावते. लेकीला भेटायचं असतं, हे खरंच. पण आक्का आमच्या गाडीचं बॉनेट उघडून आत वाकलेली असते तेव्हा आई शेजारपाजारच्या बायकांकडे ज्या ऐटीत बघते, त्यासाठीही तिला जायचं असतं, असं मला वाटतं.